उणे चाळीस

टक्.

भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि दुपारच्या शांततेला तडा गेला. ईद तीन दिवसांवर आली की आमची सबंध गल्ली चार वाजता मेल्यासारखी पडलेली असते. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही. मांजरंसुद्धा मोटारींखाली अंग टाकून गप्प. इफ्फा मात्र त्या 'टक्'चीच वाट बघत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाच वर्षांची आहे. तिच्या वयाची पोरं दुपारी बारालाच रोजा सोडतात. तिने तो आज हट्टाने चारपर्यंत ताणला होता, आणि ओठ असे सुकवून घेतले होते की माझाच जीव कालवला.

"झाला ना?"

"झाला. हात धू आधी."

मी गरम भातात अंडं आणि थोडा सोया सॉस कालवून दिला. तिने मोठ्या माणसांसारखे तळवे समोर धरले, दुआ पुटपुटली, मधेच विसरली, माझ्याकडे चोरून पाहिलं आणि विसरलेला भाग गिळून थेट 'आमीन'वर आली. मी न ऐकल्यासारखं केलं. एवढी सवलत वरचाही देत असेल.

खिडकीतून पडवीतली गाडी दिसत होती. कालच धुतलेली, मागच्या काचेवर क्लबचा स्टिकर. इफ्फाची आणि माझी ईद त्या गाडीत अडकून पडली होती.

आमच्याकडे ईद आळीपाळीने असते. एक वर्ष सासरी, एक वर्ष माहेरी. सासर क्लांगला, इथून म्हणजे शाह आलमहून अर्ध्या तासावर. पायात चपला सरकवून जावं इतकं जवळ. माहेर पासिर पुतेहला, डोंगररांगेच्या पलीकडे. ईदच्या गर्दीत दहा तास, कधी बारा. दोन वर्षांपूर्वी माहेरचा नंबर होता. निघायच्या आदल्या दिवशी इंजिनाचा दिवा लागला, आणि आम्ही क्लांगला गेलो. आईने आमच्यासाठी साठ केतुपातांची, म्हणजे भात भरून उकडायच्या पुड्यांची, पानं विणून ठेवली होती. तिने त्यांचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नाही. गेल्या वर्षी पुन्हा क्लांग, कारण गेलं वर्ष त्यांचंच होतं. "नियम म्हणजे नियम, हाना," असं माझा नवरा रुसदी म्हणाला होता. बुडालेल्या वर्षाचा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

त्यामुळे इफ्फाला तिची तोक, म्हणजे आजी, माहीत आहे ती फोनमधली. माझ्या आईला फोन कसा धरायचा ते अजून जमत नाही. दर शुक्रवारी आम्हाला तिचं कपाळ दिसतं आणि वर फिरणारा पंखा. इफ्फा त्या कपाळाला पापे देते.

यंदा माझा नंबर होता. पिशव्या भरून झाल्या होत्या. आणि आज सकाळी रुसदी पलंगाच्या कडेवर येऊन बसला. ऑपरेशन करून बाहेर आलेला सर्जन नातेवाइकांशी बोलतो तशा आवाजात म्हणाला, "हाना, वाईट बातमी आहे."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. गाडी. काल ऑफिसातून येताना हायवेवर होतो. नव्वदचा वेग. एकदम झटका बसला आणि इंजिनाचा दिवा लागला. रात्री सांगितलं नाही, तुझी झोप उडाली असती."

मग मला पडवीत नेलं. गाडीच्या दारात गुडघे टेकून तो स्टिअरिंगखाली वाकला. गाडीचा बिघाड वाचणाऱ्या त्या स्कॅनरची वायर खालच्या खाचेत बसवताना तो, माणूस नमाजात वाकत नसेल इतक्या भक्तिभावाने वाकतो. यंत्राने शीळ घातली.

"पी शून्य एक एक तीन," त्याने वाचून दाखवलं. "हवेचा सेन्सर. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतो तो. गेला."

"मग नवीन बसवा."

"ईदच्या तोंडावर कुठलं दुकान उघडं आहे? मागवला तर दहा दिवस. आणि तो नसताना डोंगर चढायचा? मध्ये गुआ मुसांगच्या जंगलात बंद पडली तर? पोर बरोबर आहे."

पोर बरोबर आहे. हे वाक्य काही पुरुष टूलबॉक्समध्येच ठेवत असावेत. आपल्या म्हणण्यात जोर नसला की काढतात.

"मग आता?"

"आता काय. यंदा क्लांगला जाऊ. पुढच्या वर्षी नक्की तुझ्याकडे. मला काय आनंद होतोय का?" आणि मग, दारापर्यंत पोचल्यावर, "अम्मीला मी सांगून ठेवलंय. ती मटण जास्त आणतेय."

त्या स्कॅनरबद्दल सांगायला हवं. तो पाव किलोचाही नाही. काळ्या चेनच्या पाकिटात, मऊ फडक्यात गुंडाळून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. इफ्फाची तापाची औषधं त्याच्या खालच्या फळीवर आहेत. आमच्या मॉडेलची गाडी असणाऱ्या त्रेचाळीस पुरुषांचा एक क्लब आहे. ते शनिवारी चहाला जमतात आणि शिकारी बंदूक घेऊन बसतात तसे आपापला स्कॅनर मांडीवर घेऊन बसतात. एकाने कोड सांगायचा, बाकीच्यांनी पार्ट सांगायचा. पार्ट बदलला, कोड परत आला, की दुसरा पार्ट. त्यातल्या एकाने अर्धं इंजिन बदललं, तेव्हा कळलं की बॅटरीचा स्क्रू ढिला होता. ताप आला म्हणून पोराला नवीन कपाळ बसवणारी ही माणसं. आणि त्या क्लबात माझा नवरा तज्ज्ञ समजला जातो.

माझ्या माहेरी घरामागे गॅरेज आहे. चार खांब, वर पत्रा, तेल पिऊन काळी झालेली जमीन. आधी वडील चालवत, आता धाकटा भाऊ साबरी. साबरीच्या हाती पाना यायच्या आधी तो माझ्या हाती होता, पण ते रुसदीने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला तिथे भाजीवाल्या शेजाऱ्याची पिकअप आली, मलेरिया झाल्यासारखी थरथरत. रुसदी नवा जावई, अंगात रेशमी कपडे, कमरेला जरीचं वस्त्र. त्याने सात माणसांच्या देखत स्कॅनर काढला आणि जाहीर केलं, "ऑक्सिजन सेन्सर. बदलावा लागेल." साबरीने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग एका रबरी नळीवर अंगठा दाबला. पिकअप थरथरायची थांबली. नळी उंदराने कुरतडली होती.

"डॉक्टर," साबरी म्हणाला, "तुमच्या यंत्रात उंदराचा कोड कितवा?"

माणसं पोट धरून हसली. मीही हसले. हसण्यासारखंच होतं. तेव्हापासून रुसदी तिकडे 'डॉक्टर' आहे. गाडी अंगणात शिरली की शेजारची पोरंसुद्धा ओरडतात, "डॉक्टर आले!" फोनवर साबरी म्हणतो, "ताई, डॉक्टरांना दे की, आमच्या कोंबडीला खोकला झालाय." आणि रुसदीला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं.

असो. चारच्या सुमारास रुसदी मोटारसायकलवरून रमजानच्या बाजारात गेला होता. गाडी 'आजारी' होती ना. इफ्फा भात खात होती. मी तिच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस मागे सारले आणि मनात म्हटलं, ही पोर सहा वर्षांची होईल आणि हिला तोकची हनुवटी माहीत नसेल.

मी स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरचं पाकीट काढलं.

"अबाहचं आहे ते," इफ्फा भरल्या तोंडाने म्हणाली. अबाह म्हणजे तिचा बाप. "हात लावायचा नाही."

"मी विचारलंय," मी खोटं बोलले.

मला तो वापरता येतो. येणारच. सहा वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय? रुसदीनेच एकदा भाताच्या ताटावर बोटाने आकृती काढून समजावलं होतं: बिघाड होतो त्या क्षणाचा फोटो गाडी आपल्या पोटात ठेवते. फ्रीझ फ्रेम. तेव्हा वेग किती, इंजिन किती तापलेलं, आत येणारी हवा किती गरम. "माणूस विसरेल, थापा मारेल," तो म्हणाला होता, "यंत्र नाही मारत."

मी किल्ली फिरवली, वायर बसवली. शीळ वाजली. कोड तोच, पी शून्य एक एक तीन. बटण दाबत खाली गेले.

वेग: शून्य.

मी परत वाचलं. शून्य. नव्वद नाही, दहा नाही. गाडी उभी होती.

इंजिनाच्या पाण्याचं तापमान: एकोणतीस अंश. ऑफिसातून तासभर चालून आलेलं इंजिन नव्वदीला पोचलेलं असतं. एकोणतीस म्हणजे रात्रभर पडवीत झोपलेली गाडी. म्हणजे सकाळ.

आत जाणारी हवा: उणे चाळीस.

शाह आलमच्या पडवीत उणे चाळीस! इथे फ्रिजचं दार उघडं ठेवून त्याच्यापुढे उभं राहिलं तरी घाम येतो. पण गॅरेजवाल्याच्या पोरीला उणे चाळीस कळतं. सेन्सर मेलेला असेलच असं नाही. सेन्सरची वायरच निघालेली असली की बिचारं यंत्र हाच आकडा सांगतं. त्याला दुसरं काही ऐकूच येत नसतं.

मी बॉनेट उघडलं. हवेच्या डब्यावर तो बोटभर सेन्सर, आणि त्याच्याशेजारी त्याचा प्लग. सुटा. धूळ नाही, गंज नाही, पट्टी तुटलेली नाही. दोन बोटांनी पट्टी दाबून नीट, सभ्यपणे काढलेला. आणि वर असा टेकवून ठेवलेला, की वरून पाहणाऱ्याला बसलेलाच वाटावा.

इफ्फा ताट हातात घेऊन पडवीत आली होती.

"अबाहनेपण सकाळी असंच उघडलं होतं," ती म्हणाली. "मी खिडकीतून हाक मारली. तो म्हणाला, श्श."

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, गाडी झोपलीय."

 राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी मोठं लागतं. हे केवढंसं! बायकोला सरळ 'मला यायचं नाही' म्हणायची छाती नाही, आणि लबाडी करायची तीही इतकी अडाण्यासारखी की स्वतःच्याच देवाने चहाडी करावी. सहा वर्षं ज्याची पूजा केली त्या यंत्रात काय लिहून राहतं एवढंही या तज्ज्ञाच्या लक्षात नाही. साधा चोरसुद्धा बोटांचे ठसे पुसतो. आणि दोन वर्षांपूर्वीचा दिवा? तो कोड त्याने क्लांगहून आल्यावर, आम्हाला समोर उभं करून, समारंभपूर्वक पुसला होता. त्याचा फोटो आता कुणाच्याच पोटात नव्हता.

मी प्लग जागेवर दाबला.

टक्.

"भात झाला?" इफ्फाने विचारलं, आणि मला हसू आवरेना.

कोड पुसला. दिवा गेला. वायर गुंडाळली, फडकं गुंडाळलं, पाकीट फळीवर ठेवलं.

रुसदी साडेसहाला आला. खिमा भरलेला मुर्ताबाक, उसाचा रस, इफ्फासाठी निळी जेली. फार प्रेमाने आणलं होतं सगळं. गुन्हेगाराची पिशवी नेहमी जड असते. अजान होईपर्यंत मी थांबले. त्याला खजूर खाऊ दिला, अर्धा पेला रस पिऊ दिला. उपाशी माणसावर मी वार करत नाही.

"अबांग," मी नवऱ्याला म्हटलं, "गाडीचा दिवा गेला."

"गेला म्हणजे?"

"विझला. बघून या."

तो गेला. इंजिन सुरू झालं, बंद झालं, परत सुरू झालं. आला तो तज्ज्ञाचा चेहरा लावूनच. "असं होतं कधी कधी. पण बिघाड आत असतोच. येतो-जातो असा बिघाड तर जास्त वाईट. मध्येच डोंगरात..."

"मी फ्रीझ फ्रेम बघितली."

इफ्फाच्या स्ट्रॉचा आवाज तेवढा येत राहिला.

"वेग शून्य," मी म्हटलं. "इंजिन एकोणतीस. हवा उणे चाळीस. अबांग, काल हायवेवर बर्फ पडत होता का हो?"

"बर्फ?" इफ्फा उडालीच. "अबाह, मला का नाही आणला?"

रुसदीने मुर्ताबाकचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला. "यंत्र कधी कधी चुकतं," तो म्हणाला.

"कोण? तुमचं यंत्र?" मी कपाळाला हात लावला. "असं कसं? मग क्लबला कळवायला हवं. त्रेचाळीस माणसं विश्वासून बसलीत. आत्ताच लिहू का ग्रुपवर? 'शाह आलममध्ये उणे चाळीस, कुठला पार्ट बदलू?'"

"हाना."

"कुणीतरी सांगेल, स्वेटर बदला."

"हाना, पुरे."

तो टेबलाकडे बघत होता. चाळिशीला टेकलेला माणूस, नाकाच्या शेंड्यावर मुर्ताबाकचं तूप. मला त्याची कीवही आली नाही. खोटंच सांगायचं तर निदान शिकून घ्यावं माणसाने.

"कधी निघायचं?" त्याने शेवटी विचारलं.

"उद्या. पहाटेची सहेरी झाली की."

"बरं." तो उठला. "टायरमधली हवा बघून घेतो." दारात थांबला. पाठमोराच. "साबरीला सांगू नकोस हे."

"बघू," मी म्हटलं.

पण मनात तोपर्यंत माझं ते सांगूनही झालं होतं. अंगणात केतुपात सोलता सोलता, सगळे जमलेले असताना. आधी हायवेचा झटका, मग नव्वदचा वेग, मग अगदी शेवटी, हळू आवाजात, उणे चाळीस. साबरी जमिनीवर लोळेल. पुढच्या दहा ईदांना पुरेल एवढं होतं ते.

मी फोन लावला, आवाज मोठा करून. पडद्यावर कपाळ आलं, पंखा आला.

"मा, आम्ही उद्या निघतोय."

कपाळ हललं. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज, आणि पडद्यावर नुसतं छत. आई रडताना फोन खाली ठेवते. मी वाट पाहिली. इफ्फाने छताला पापा दिला.

"तोक, तू हनुवटीसकट ये," तिने बजावलं.

मग इफ्फाच्या पाक सूचा, म्हणजे साबरीमामाचा, चेहरा आला, दाताखाली काडी. "खरंच का ताई? आणि डॉक्टर? पेशंट सोडून येऊ शकतात ना?"

"येतायत, येतायत," मी म्हटलं. "आणि साबरी, तुला एक गंमत सांगायचीय. फोनवर नाही. समोरासमोर. तू बसलेलाच राहा त्या वेळी, नाहीतर पडशील."

"डॉक्टरांचीच?"

"मग आणखी कोणाची!"

तो हसायला लागला, काय ते कळायच्या आधीच. मीही हसले. किती दिवसांनी असं खालून, पोटातून हसू आलं. आम्ही येणार म्हणून आई डोळे पुसत होती, साबरी मांडी थोपटत होता, आणि मी खिडकीला टेकून हसत होते.

खिडकीबाहेर, पडवीतल्या दिव्याखाली, रुसदी पुढच्या टायरशी उकिडवा बसून हातपंप मारत होता. फुस्, फुस्, फुस्. मग पंप थांबला. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने परत सुरू झाला, आधीपेक्षा हळू.

फोन बंद करून मी इफ्फाचे मोजे घडी करायला घेतले. इवले पिवळे मोजे, एकाच्या अंगठ्याला भोक. ती पिशवीवर पालथी पडून खिडकीकडे बघत होती. ओठांना जेलीचा निळा रंग लागलेला.

"इबू," ती म्हणाली, "पाक सू अबाहला हसतो ना, तेव्हा तू कोणाच्या बाजूने असतेस?"